होस्टेलची पाटलीण

रांगेत ती एका पायावर उभी राहायची. उजवा तळवा डाव्या गुडघ्याला टेकवलेला, मिटलेली छत्री काठीसारखी पुढं रोवलेली आणि हनुवटी छत्रीच्या मुठीवर. रानात मेंढरं चरत असताना मेंढपाळ उभे राहतात ना, तशी. बीडच्या आमच्या कॉलेजात ऑफिसच्या खिडकीपुढं शिष्यवृत्तीची रांग लागायची. बाकीच्या पोरी घामाघूम होऊन भिंतीला टेकायच्या, बसकण मारायच्या, पोर्टलच्या नावानं बोटं मोडायच्या. ही मात्र डोळे अर्धे मिटून एका पायावर मजेत. खिडकी बंद झाली तरी हिचा चेहरा पडत नसे. "आज न्हाई उघडली तर उद्या उघडंल. खिडकीच हाय, कुठं पळतीय?" म्हणायची. मला त्या रांगेत उभं राहायची गरज नव्हती, माझी फी वडिलांचा माणूस येऊन भरून जायचा. तरी काहीतरी निमित्त काढून मी रांगेच्या कडेला घुटमळायची. सगळी गंमत तिथं चालायची आणि मला त्यात कुणी घेत नसे.

तिच्या ह्या ऐटीवरून सगळं होस्टेल तिला 'पाटलीण' म्हणायचं. हे मला पहिल्या आठवड्यापासून झोंबलं ते अजून झोंबतंय. पाटील मी होते! मांजरसुंब्याच्या पुढं आमचं गाव, विहीर बागायत, वडील पंचायत समितीचे सभापती राहिलेले, गावात आमच्या घराला पाटलाचं घर म्हणतात. आणि ही लिंबागणेशच्या पलीकडच्या एका वाडीवरची मेंढपाळाची पोर. उन्हाळ्यात रानं मोकळी झाली की तिचा बाप आमच्याच शेतात खतासाठी मेंढरं बसवायला यायचा आणि त्याबद्दल आमच्याकडून ज्वारी न्यायचा. पण कॉरिडॉरमधून कुणी "ए पाटलीणबाई!" अशी हाक मारली की मी वळून बघायची आणि हाक असायची तिला. वर आम्ही दोघी एकाच खोलीत. नशीबसुद्धा कधी कधी मुद्दाम खोड्या काढतं.

संध्याकाळी जेवणाआधी ती आमच्या खोलीच्या उंबऱ्यावर उकिडवी बसायची आणि तिचा दरबार भरायचा. कुणाला फी माफीतलं कळत नसायचं, कुणाच्या खात्यावर भत्ता पडलेला नसायचा, कुणी शिष्यवृत्ती आणि कर्ज यांची खिचडी करून बसलेली असायची. पाटलीण सगळं शेळ्यांच्या भाषेत सांगायची, कारण तिला तीच भाषा सगळ्यात नेमकी वाटायची. आष्टी तालुक्यातल्या एका पोरीच्या बापाला कुणा एजंटानं सांगितलं होतं की बँकेनं पोरीला शिष्यवृत्ती दिली. बापानं गावात पेढे वाटले. पोरगी तेच पेढे घेऊन आमच्या खोलीत आली. पाटलिणीनं एक पेढा तोंडात टाकला आणि विचारलं, "माघारी द्यायची हाय का?"

पोरगी म्हणाली, "हां, नोकरी लागल्यावर."

"मग ती बक्षीस न्हवं गं बाई, अर्धेलीची शेळी हाय. शेळी मालकाची, राखायची तू. ती माघारी द्यायची आन् वर करडं बी द्यायची. वाईट न्हाई, लई जणांची घरं अर्धेलीवर उभी राह्यलीत. पर पेढे वाटायच्या आधी कळाया पायजे."

पोरीचा चेहरा पांढराफटक पडला. मग पाटलिणीनं तिला जवळ बसवून घेतलं आणि तिला लागू होणारी खरी शिष्यवृत्ती कुठली ते शोधून दिलं. ती मिळाली तर कर्ज निम्म्यावर येतं हेही समजावलं. फी माफी म्हणजे तिच्या लेखी चराई माफ. रानात फुकट चरू देतात, पण घरी न्यायला पेंडीचा तुकडा देत नाहीत, त्यासाठी भत्ता वेगळा मागावा लागतो. 'कमवा आणि शिका' म्हणजे राखुळी, दुसऱ्याचं जनावर राखून घेतलेली मजुरी. "त्यात लाजायचं कावून?" असं ती लाजणाऱ्या पोरींना विचारायची. पण कुठल्याही मदतीबद्दल तिचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "जनावर कुणाच्या नावावर?" पैसा पोरीच्या नावावर येतो की बापाच्या, की कॉलेजच्या, हे आधी बघायचं. ज्याच्या नावावर जनावर, तोच ते बाजारात नेणार, असा तिचा रोकडा हिशेब होता.

मी माझ्या खाटेवर पुस्तक उघडून बसलेली असायची आणि एक ओळ वाचलेली नसायची. एकदा मला राहवलं नाही. सगळ्या गेल्यावर मी विचारलं, "आणि माझं काय गं?"

ती हसली. "तुला काय लागतंय? तू मालकाचीच हायस."

तिच्या मनात काही नव्हतं, पण माझा तिळपापड झाला. सगळ्यांना देण्यासारखं तिच्याजवळ काहीतरी होतं आणि मला देण्यासारखं काहीच नव्हतं. ज्यांच्याकडं काही नाही त्यांचा हेवा करणं दिसायला बरं दिसत नाही हे मला कळतं. पण पोटात दुखायचं ते दुखायचंच.

दुसऱ्या वर्षी प्राणिशास्त्रात मी पहिली आले. आमच्या विभागातून निवृत्त झालेल्या एका सरांनी पत्नीच्या आठवणीसाठी एक गुणवत्ता शिष्यवृत्ती ठेवली होती. विषयात पहिल्या येणाऱ्या मुलीला ती मिळायची. तिला उत्पन्नाची अट नव्हती, जातीची नव्हती, फक्त मार्कांची होती. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या नावाचं काही मिळणार होतं. स्नेहसंमेलनात प्रमुख पाहुणे म्हणून कॉलेजनं कुणाला बोलवावं? माझ्या वडिलांना. त्यांच्याच हातून मला तो चेक मिळाला. आणि मिळाला न मिळाला तोच त्यांनी माझ्या हातातून तो परत घेतला, माईक ओढला आणि म्हणाले, "आमच्या घरात मागायची रीत न्हाई. देवाच्या दयेनं आमाला कमी न्हाई. ही रक्कम एखाद्या गरिबाच्या लेकीला द्यावी, अशी मी कॉलेजला इनंती करतो!"

मंडप टाळ्यांनी दणाणला. दुसऱ्या दिवशी स्थानिक पेपरात वडिलांचा फोटो आला. आमच्याकडची पुढारी माणसं ही चूक अगदी मनापासून करतात. शिष्यवृत्ती म्हणजे गरिबी, एवढंच त्यांना माहीत असतं. ही गरिबीची नव्हती, माझ्या अभ्यासाची होती, हे त्यांच्या गावीही नव्हतं. सरांनी मग ती दुसऱ्या आलेल्या मुलीला दिली. दुसरी कोण आली होती, हे सांगायला हवं का?

तिनं ती घेतली. माझ्याकडं न बघता वगैरे नाही, चांगली माझ्याकडं बघत घेतली. खोलीवर आल्यावर मी भिंतीकडं तोंड करून पडले, तेव्हा म्हणाली, "रुसू नको. माझ्या नावावर आली, मी घेतली. तुझी तुझ्या बापाच्या नावावर गेली." त्या महिन्यात मी तिच्याशी मीठ मागण्यापुरतंही बोलले नाही. तिनं त्या पैशातून चांगल्या बुटांचा जोड घेतला आणि रोज सकाळी ते बूट माझ्या खाटेसमोर बसून घालायची.

तिसरं वर्ष संपलं आणि वडिलांनी सांगितलं की आता बास. मला एम.एस्सी. करायचं होतं. दुसरं काही मागणं नव्हतं माझं. वडिलांचं म्हणणं, स्थळं यायला लागली आहेत, शिकून कुठं नोकरीला धाडायची आहे. फी भरणारा माणूस यायचा बंद झाला. मी भांडले, रडले, दोन वेळा जेवले नाही. आईनं तिच्या साठवणीतून प्रवेशापुरतं दिलं आणि पुढचं तुझं तू बघ म्हणाली. मी बीडला परतले ती थेट उंबऱ्यावर जाऊन बसले. इतकी वर्षं ज्या दरबाराचा हेवा केला, त्यात शेवटी माझाही नंबर लागला.

पाटलिणीनं एक पाय गुडघ्याला लावला आणि विचार करायला लागली. आमच्या उत्पन्नाला फी माफी बसत नव्हती. जातीची शिष्यवृत्ती बसत नव्हती. कर्जाला वडिलांची सही लागणार होती. "सरांची गुणवत्तेची हाय, पर ती ह्या बारीला माझी हाय," ती म्हणाली. खरंच शेवटच्या वर्षाला ती पहिली आली होती आणि मी दुसरी. पुस्तकातल्या एखाद्या गोष्टीत अशा वेळी मैत्रीण स्वतःची शिष्यवृत्ती सोडून देते. हिनं तसलं काही केलं नाही, आणि तसा विचारही तिच्या डोक्यात आल्याचं मला दिसलं नाही. "राखुळी कर," एवढंच म्हणाली.

म्हणून पाटलाच्या घरची मी 'कमवा आणि शिका'त कॉलेजच्या बागेला पाणी घालायला लागले. पाइप ओढताना माझी ओढणी चिखलात लोळायची. पहिल्याच आठवड्यात वडिलांच्या एका कार्यकर्त्यानं मोटारसायकलवरून मला बघितलं आणि तो खांबाला धडकता धडकता वाचला. मी पाइप गुंडाळायच्या आधी बातमी मांजरसुंब्याच्या ढाब्यावर, वडिलांच्या रोजच्या बैठकीत पोचली. वडिलांचा फोन आला नाही, पण ते दोन दिवस ढाब्यावर गेले नाहीत, असं आईनं सांगितलं. आणि पाटलीण? तिच्या बोटाला कधी चिखल लागला नाही. शिष्यवृत्ती, भत्ता आणि सरांचा चेक, सगळं तिच्या नावावर. ती व्हरांड्यात एका पायावर उभी राहून मला सांगायची, "मुळापाशी घाल, पानावर नगं."

जेवणाचं भागायला लागलं, पण फीचा पुढचा हप्ता समोर उभा होता. तेव्हा एका रविवारी ती मला तिच्या वाडीवर घेऊन गेली. तिच्या आईनं चहा दिला आणि गोठ्यातून एक तांबडी पाट ओढून आणली. पाट म्हणजे अजून न व्यालेली तरुण शेळी. ही गाभण होती. आईनं तिच्या कानाला शिकणाऱ्या पोरीच्या जनावराची खूण म्हणून निळा रंग लावला आणि दावं माझ्या हातात दिलं.

त्यांच्या वाडीवर एक रीत होती. मुलगी शिकायला बाहेर निघाली की तिचा मामा तिच्या नावानं एक पाट राखून ठेवायचा. बोकड झाले की बाजारात विकायचे, ते पैसे मुलीच्या शिक्षणाला. आणि पहिली मादी जन्मली की ती ठेवून घ्यायची नाही, ती दुसऱ्या कुठल्या तरी शिकणाऱ्या मुलीच्या नावावर करायची. ही तांबडी पाटलिणीच्या शेळीची पहिली मादी होती. वाडीवर शिकणाऱ्या आणखी पोरी होत्या, तरी ती माझ्याकडं आली.

मी विचारलं, "ही बक्षीस, का अर्धेलीची?"

"त्यातलं कायच न्हाई. ही फुडं द्यायची. राखंल माझी आई. तू नुसतं नाव लाव."

मी तिला मिठी मारायला हवी होती. मी मनात म्हणत होते, हेसुद्धा हिच्याकडंच आहे! आमच्या बागायतीत, वडिलांच्या ओळखीत, बँकेत, पोर्टलवर नाही अशी एक मदत, ती हिच्या घरच्या दाव्याला बांधलेली आहे.

हिवाळ्यात तांबडीला दोन बोकड झाले. एक विकून हप्ता भरला, दुसरा तिच्या आईनं मोठा करायला ठेवला. उन्हाळ्यात नेहमीप्रमाणं पाटलिणीच्या बापानं आमच्या शेतात मेंढरं बसवली. सोबत शेळ्या होत्या, त्यात माझी तांबडी आणि तिचा बोकड. त्याच दिवसांत मला बघायला पाहुणे यायचे होते. मला न विचारता बोलावलेले. पुढं काय झालं ते मला पाटलिणीच्या बापानं, म्हणजे आबांनी, आणि तिच्या आईनं वेगवेगळ्या वेळी सांगितलं आणि दोन्ही जुळतं.

वडील शेतावर गेले. पाहुण्यांच्या जेवणासाठी त्यांना बोकड हवा होता. त्यांची नजर नेमकी निळ्या कानाच्या शेळीशेजारच्या बोकडावर पडली. म्हणाले, "हा दे. काय होत्यात त्ये सांग."

आबा म्हणाले, "त्यो माझा न्हाई, पाटील."

"मग कुणाचा?"

"ताईचा."

"कुठल्या ताईचा?"

"तुमच्याच ताईचा. जनावर तिच्या नावावर हाय. तिला इचारा, ती हो म्हणली का घिऊन जावा."

वडिलांनी तिथंच खिशातून फोन काढला. कित्येक महिन्यांनी माझ्या मोबाइलवर त्यांचं नाव आलं. मी प्रयोगशाळेत होते, फोन घेऊन बाहेर आले.

"शेळ्या कधीपासून पाळायला लागलीस?" त्यांनी विचारलं.

"फी भरायची बंद झाल्यापासून."

"बोकड द्यायचा का? पाहुणे यायलेत."

"नाही," मी म्हटलं. "त्यावर माझी परीक्षा फी आहे."

आमच्या घरात वडिलांना असं 'नाही' कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही. मला वाटलं, आता कडाडतील. ते म्हणाले, "बरं." पाहुण्यांना पिठलं-भाकरी मिळाली की त्यांना येऊच नका म्हणून सांगितलं, हे मला आजवर नीट कळलेलं नाही. पण ते स्थळ पुन्हा कुणाच्या तोंडी आलं नाही. आठवड्यानं वडील स्वतः होस्टेलच्या फाटकाशी आले. दुसऱ्या वर्षाची फी भरतो म्हणाले. मी म्हटलं, "भरू नका. बँकेच्या कागदावर सही करा. कर्ज माझ्या नावावर राहू द्या, मी फेडीन." त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जशी मी नुकतीच कुठून तरी उगवले आहे. मग सही केली. आणि जाताना काय म्हणाले माहीत आहे? "ती मेंढपाळाची पोरगी लई हुशार हाय."

बोकड माझा होता, 'नाही' मी म्हटलं होतं, कर्ज मी फेडणार होते, आणि हुशार ती! त्यांनी मला हुशार म्हटल्याचं मी अजून ऐकलेलं नाही.

एम.एस्सी. झाल्यावर तिला संशोधनासाठी फेलोशिप मिळाली. विषय मेंढ्यांचा, जागा राजस्थानात. तिचे आबा बिचारे गोंधळून गेले होते. "एवढं शिकून बी मेंढरंच?" ते विचारत होते. ती म्हणाली, "आवो आबा, आता सरकार राखुळी देतंय." मांजरसुंब्याला तिला गाडीत बसवून द्यायला सगळी वाडी आली होती, होस्टेलच्या पोरी आल्या होत्या, पेढ्यांची ती आष्टीची पोरसुद्धा आली होती. आणि ढाब्यावरून रस्ता ओलांडून माझे वडील आले, हातात शाल आणि नारळ घेऊन. त्यांनी तिचा भर रस्त्यात सत्कार केला. सगळे रडत होते. मीही रडत होते, पण माझ्या रडण्यात नेमकं काय काय होतं ते मी कुणाला सांगितलं नाही. गाडीच्या पायरीवरून ती माझ्याकडं वळली. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल. म्हणाली, "तुझ्या तांबडीला औंदा मादी झालीय. पोरगी बघून ठेव."

आता मी कडा गावाच्या बाजूला एका कॉलेजात शिकवते. कर्ज फिटलं. ती तिकडंच राहिली, तिकडंच लग्न केलं. फोन करते, पण पूर्वीइतका नाही. मागं एकदा कळलं की तिनं त्या आष्टीच्या पोरीला फोन केला होता आणि मला नाही, तर मी चार दिवस फुगून होते. माझं वय आता फुगण्याचं नाही.

दर पावसाळ्यात प्रवेश सुरू झाले की मी स्टाफरूममधून खुर्ची काढून व्हरांड्यात बसते. पोरी येतात. मी विचारते, माघारी द्यायची आहे का, कशाची अट आहे, जनावर कुणाच्या नावावर. पोरी आधी हसतात आणि मग नीट सांगायला लागतात. ज्या पोरीला कुठलंच काही बसत नाही, तिला मी लिंबागणेशच्या पलीकडं घेऊन जाते. पाटलिणीची आई आता थकली आहे, पण निळा रंग स्वतःच लावते.

यंदा एक पोरगी होती, चुणचुणीत. तिला सासरच्यांनी शिकायला परवानगी दिली होती आणि पैसे दिले नव्हते. शेळीचं दावं हातात घेऊन तिनं सगळी हकिकत ऐकून घेतली. मी किती वर्षं हे करते आहे, पोरींच्या मागं किती हिंडते, हे मी तिला मुद्दाम जरा खुलवून सांगितलं. तिचे डोळे चमकले आणि ती म्हणाली, "मॅडम, त्या पाटलीणबाई लईच भारी दिसत्यात. मला त्यांचा नंबर द्या ना."

मी म्हटलं, "काय विचारायचं ते मला विचार."

"तुमाला तर विचारीनच. पर एकदा त्यांच्याशी बोलायचं हाय. नंबर हाय ना तुमच्याकडं?"

आहे. पाठ आहे मला. वडिलांनी मागितला होता एकदा, भाच्याच्या प्रवेशासाठी, तेव्हाही मी दिला नाही. शिष्यवृत्ती द्यावी, शेळी पुढं द्यावी, माझं काही म्हणणं नाही, तिनंच शिकवलंय. पण आयुष्यभर जिचा हेवा केला ती एवढी एकच गोष्ट माझ्याजवळ आहे, आणि ती मी पुढं देणार नाही.

"नाही देणार," मी त्या पोरीला म्हटलं. "ती माझ्या नावावर आहे."